इंजिनवाला काय म्हणाला

पडद्यावर यानाचं दार बंद झालं आणि चांगुणानं वडिलांचा हात घट्ट धरला.

“बाबा, किती नीच आहे हा कप्तान!”

मल्हारीला वाटलं, पोरीच्या ऐकण्यात काहीतरी चूक झाली. हेच दार त्यानं सात वर्षांपूर्वी याच टॉकीजमध्ये बंद होताना पाहिलं होतं. अंतराळयानाच्या त्या इंग्रजी सिनेमाचे चारही भाग त्यानं आणि सावळीरामनं रविवारी सकाळच्या खेळाला जोडीनं पाहिले होते. मग पुढचे भाग यायचेच बंद झाले. आता इतक्या वर्षांनी पाचवा आला होता, आणि सुरुवातीला मागची गोष्ट थोडक्यात दाखवत होता.

मल्हारीला इंग्रजी येत नव्हतं. सावळीराम मॅट्रिक झालेला. तो कानाशी लागून सगळं सांगायचा. आजही तो डाव्या हाताला बसला होता. उजवीकडे चांगुणा. ती कॉलेजात इंग्रजी घेऊन बी.ए. करत होती आणि पहिल्यांदाच त्यांच्याबरोबर आली होती.

“नीच कशानं?” मल्हारीनं हळूच विचारलं. “बाहेर राहिलेला इंजिनवाला सोताच सांगतो ना त्याला? दार लाव, माझी काळजी करू नको, तू नीघ म्हणून?”

“नाही हो बाबा. तो ओरडतोय, दार उघड, मला सोडून जाऊ नकोस. तीनदा म्हणाला.”

मल्हारीनं डावीकडे पाहिलं. सावळीराम पडद्याकडे बघत होता. सिनेमा सुरू झाल्यापासून तो एक अक्षर बोलला नव्हता.

पुढचं मल्हारीला दिसलंच नाही. त्याला तो जुना रविवार दिसत होता. सातपूरच्या कारखान्यात तेव्हा दोघं पत्रा दाबायच्या एकाच प्रेसवर होते. सिनेमा सुटल्यावर चहा पिता पिता सावळीरामनं सांगितलं होतं, काल माझ्या हातून प्रेसची डाय फुटली, महागाचा साचा गेला, उद्या चौकशी आहे. सावळीराम अजून टेंपररी, मल्हारी कायम. “तुला कोण काढतंय?” असं सावळीराम म्हणाला होता. मल्हारीच्या डोळ्यांपुढून ‘तू नीघ’ म्हणणारा तो इंजिनवाला हलत नव्हता. सोमवारी मल्हारीनं ती चूक स्वतःच्या अंगावर घेतली, आणि आठवड्याच्या आत त्याला घरी पाठवलं. तेव्हापासून तो पंचवटीत सायकलींची पंक्चरं काढत होता. सावळीराम सुपरवायझर झाला होता.

मध्यंतर झालं. चांगुणा पाणी प्यायला बाहेर गेली.

“सावळ्या,” मल्हारी म्हणाला, “त्या दिवशी इंजिनवाला काय म्हणाला होता?”

“इतक्या वर्षांचं कुठं ध्यानात राहतं?”

“माझ्या हाय. तू सांगितलेला शब्द न् शब्द हाय.”

सावळीराम हातातल्या तिकिटाची घडी घालत राहिला. “मला तरी सगळं इंग्रजी कुठं कळायचं? अंदाजानं सांगायचो.”

“दार उघड, एवढं तर मॅट्रिकवाल्याला कळत असंल.”

सावळीरामनं तिकीट खिशात घातलं.

“डाय शनिवारी फुटली व्हती,” मल्हारी म्हणाला. “सिनेमा रविवारी पाहिला.”

घंटा झाली. चांगुणा घाईघाईनं येऊन बसली. “आता कप्तान परत, इंजिनवाल्याला सोडलं त्याच ग्रहावर जाणार बघा,” ती म्हणाली. उठून निघून जावं असं मल्हारीला वाटत होतं. पण पोरीचा चेहरा इतका खुलला होता, की तो बसून राहिला.

यान उतरलं. मागे राहिलेला इंजिनवाला एका खडकाआडून बाहेर आला. दाढी पांढरी झाली होती, एक पाय ओढत होता. कप्तान त्याच्यासमोर येऊन उभा राहिला. टॉकीजमध्ये कुणी खोकलंसुद्धा नाही.

सावळीराम आज पहिल्यांदाच मल्हारीच्या कानाशी वाकला.

“माफी मागतोय,” तो कुजबुजला. “म्हणतोय, माझं चुकलं. लय चुकलं.”

मल्हारीनं मान वळवली नाही. पडद्याकडे बघतच त्यानं पोरीला विचारलं, “काय म्हणतोय गं?”

“काहीच नाही, बाबा,” चांगुणा म्हणाली. “तो अजून तोंडच उघडत नाहीये.”