अंबाडीच्या आड

पाव्हणे दुपारच्या यष्टीनं येणार होते, अन् परसातला गांजा कमरेला लागला होता.

"उपट ते आधी," आरशापुढं केस विंचरत आसाराम म्हणाला. "नवरदेवाचा मामा जमादार हाय. तोच बसणार हाय बैठकीला."

चंद्रभागाबाई चुलीतली राख ओढत होती. "मामंजींच्या गुडघ्याला रोज पाला बांधावा लागतो. उपटल्यावर कुठून आणू? अन् दिसतोय कुणाला? म्होरं अंबाडी हाय की दाट."

ते खरंच होतं. माजलगावकडचा ऊस तोडून फाल्गुनात घरी परतल्यावर तिनं परसात दोन वाफे केले होते. मागच्या वाफ्यात ओल्या फडक्यात बांधून मोड आणलेलं गांजाचं बी टोकलं, पुढच्यात अंबाडी. दोन्हीची पानं पंजासारखी, लांबून बघणाऱ्याला एकच वाटावीत. चैत्राच्या उन्हात तिनं रोपांवर गोणपाटाची सावली धरली, न्हाणीचं पाणी पाजलं. तान्ह्या लेकरासारखी वाढवली म्हणा ना.

बाजेवरून तिचा सासरा तात्याबा म्हणाला, "आश्या, एवढी घाई कावून करतो बे? पोरगी आत्ता कुठं आठवी पास झाली."

"मग ऊसतोडीला कोयत्यावर जाताना तिला कुणाच्या जिवावर ठेवू? तुमच्या? तुमाला तांब्या द्यायला माणूस लागतंय, आबा."

आसारामनं शब्द उसाच्या फडातच दिला होता. आज सुपारी फुटली की ज्येष्ठात लगीन. आतल्या खोलीत द्वारका आईची साडी नेसून बसली होती. निऱ्या राहत नव्हत्या म्हणून चार पिना टोचल्या होत्या.

आसाराम पाव्हण्यांना आणायला फाट्यावर गेला. चंद्रभागाबाईनं टोपलीतल्या वांग्यांवरून एकदा हात फिरवला अन् विळा घेऊन परसात गेली. वैशाखात अंबाडीची भाजी कुणाच्या ताटात असते? पाव्हणे बोटं चाटतील. तिनं अंबाडीचा पुढचा वाफा बुडापासून कापला.

पाव्हणे आले. नवरदेव सुग्रीव, त्याची आई अन् मामा अर्जुनराव. आसारामनं फाट्यावरच्या टपरीवरून रंगीत थंड्याच्या बाटल्या आणल्या होत्या, त्या उघडल्या. जमादार साध्या कपड्यांत होता, पण मिशा कामावरच होत्या.

"चला आसारामभाऊ, घरदार दाखवा. म्हागं परस बिरस हाय का?"

"आधी जेवून घ्या, दादा," चंद्रभागाबाई आतून म्हणाली. "उपाशीपोटी घर बघत न्हाईत."

"घ्या! ठाण्यात आमचा हुकूम, हितं ताईचा," जमादार हसत पाटावर बसला.

पुरणपोळी झाली. मग लसणाची फोडणी घातलेली भाजी ताटात पडली, तसं त्यानं मान डोलावली. "वैशाखात अंबाडी? कुठून पैदा केली, ताई?"

"घरचीच हाय. परसातली."

आसारामचा घास हातातच राहिला. त्यानं बायकोकडं बघितलं. ती खाली मान घालून सुग्रीवच्या आईला वाढत होती.

जमादार उठला. "हात कुठं धुवू?"

"म्होरं लई ऊन हाय, दादा. परसात बादली भरून ठेवलीया."

"मी आणतो पाणी हितंच—" आसाराम धडपडत उठला, पण जमादार तोवर मागचं दार ओलांडून गेला होता.

चंद्रभागाबाईनं पदर दातात धरला. पाणी ओतल्याचा आवाज आला. थांबला. मग बराच वेळ काहीच आवाज आला नाही.

जमादार परतला तेव्हा त्याच्या ओल्या हातात एक पान होतं.

"ही बी भाजीच का, आसारामभाऊ?"

बाजेवरून तात्याबा बोलला, "म्या लावाय सांगितला, साहेब. गुडघ्यासाठी."

"गुडघ्याला एक झाड लई झालं, आजोबा. तुमी तर मळा केलाय." जमादारानं पान चुलीत टाकलं. मग आवाज उतरवून म्हणाला, "तुमच्या घरचं अन्न पोटात हाय. जेवल्या हातानं तुमाला बेड्या घालायच्या न्हाईत मला. आत्ताच्या आत्ता उपटा. पर ज्या दारात उद्या दुसरा जमादार येईल, त्या दारात आमची वरात यायची न्हाई. ऊठ रं, सुग्रीव."

सुग्रीवच्या आईनं सुपारीसाठी आणलेलं नारळ-खण उचलून पिशवीत घातलं. जाताना तिनं द्वारकेच्या गालावरून हात फिरवला, एवढंच.

ते वळणापार होताच आसारामनं झाडं मुळासकट उपटली. उकिरडा खणून त्यात गाडली. तोंडाचा पट्टा चालूच होता. "आबा, तुमच्या गुडघ्यापायी सोन्यासारखं स्थळ गेलं पोरीचं! अन् तुला, तुला आजच अंबाडी सुचली?"

"चुकलं माझं," चंद्रभागाबाई म्हणाली. "पाव्हण्याला चांगलंचुंगलं घालावं म्हणलं."

शेवटी तो थकून उंबऱ्यावर बसला. घाम पुसला. अन् एकाएकी हसायलाच लागला. "पर सुटलो बघ. दुसरा कुणी असता तर आत्ता जीपमधी असतो मी."

"व्हय," ती म्हणाली. "सुटलो."

सकाळपासून ती पहिल्यांदाच खाली टेकली. पाठ भिंतीला लागली तसा एक लांब श्वास तिच्या तोंडून गेला. आत द्वारका साडी फेडून परकरात आली होती, अन् उरलेल्या पोळीवर तुपाची धार धरून मांडी घालून खात होती. सुटलेल्या पिना फरशीवर पडल्या होत्या. चंद्रभागाबाई लेकीकडं बघत राहिली.

आसाराम बादली घेऊन न्हाणीत गेला. पाणी अंगावर पडल्याचा आवाज येईस्तोवर तात्याबा थांबला. मग त्यानं सुनेला बोटानं जवळ बोलावलं.

"गांजाचं थोडं बियाणं राखून ठेवलंस नव्हं, पोरी? दहावीला अजून दोन सालं हायती, अन् स्थळं काय, येतच राहत्यात."