मनगटावरची पट्टी

अपूर्णांकांचा धडा उघडला आणि सुहासच्या पोटात गोळा आला. त्याने पटकन मनगटावरच्या पट्टीकडे पाहिलं. तिची जोडीदार पट्टी मुक्ताच्या मानेवर असायची आणि लेकीला जे वाटेल ते जसंच्या तसं बापाच्या अंगात उतरायचं. मुलांचं मन न सांगता कळावं म्हणून शाळेने पहिलीतच सगळ्या पालकांना ती बांधली होती.

"घाबरू नकोस हं," तो म्हणाला. "आज गणित राहू दे. आपण चित्र काढू."

"पण मला सोडवायचंय. तू रोजच पुस्तक मिटतोस, बाबा."

"तुला भीती वाटतेय, बाळा. मला कळतं ना."

मुक्ताने ओले केस बाजूला सारले. मान मोकळी होती.

"पट्टी दप्तरात आहे. पोहायला जाताना काढली होती."

सुहास गोंधळला. दप्तरातल्या पट्टीला कसली आलीय भीती? त्याने स्वतःचीही पट्टी सोडून टेबलावर ठेवली. गोळा जागचा हलला नाही, उलट तळहातांना घाम सुटला. लहानपणी फळ्यापुढे उभं केलं की अगदी असंच व्हायचं. मग इतके दिवस तो कोणाच्या भीतीने पुस्तक मिटत होता?

मुक्ताने पुस्तक स्वतःकडे ओढलं आणि अगदी त्याच्याच सुरात म्हणाली, "घाबरू नकोस हं. गणित मी सोडवते. तू नुसता शेजारी बस."