मागे सर जरा

भिगवणच्या पाण्यात नाव थांबली तेव्हा डॉक्टर पाळंदेंनी पहिल्यांदाच टिपणीसांना शेजारी बसवून घेतलं. पक्षी टिपणाऱ्या या पुणेकर मंडळींत जुना कॅमेरा घेऊन टिपणीस कायम मागच्या फळीवर बसायचे. आज त्यांच्या मांडीवर हातभर लांबीची लेन्स होती.

"आता शोभता आमच्यात," पाळंदे म्हणाले. लेन्स नावेतल्या सगळ्यांच्या हातून फिरली. फ्लेमिंगोंचा थवा उडाला तेव्हाही ती टिपणीसांकडे परत आली नव्हती, पण त्यांना त्याचं वाईट वाटलं नाही.

काठावर उतरताना पाळंदे सहज बोलून गेले, "माझ्याकडेही हीच होती. परवाच काढून टाकली. नवीन मॉडेल आलंय, आम्ही सगळे तेच घेतोय."

घरी टिपणीसांची बायको शैलजा कॉटवर पाय लांब करून बसली होती. तिच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी ठेवलेले पैसे लेन्समध्ये गेले होते. 'पुढच्या वर्षी नक्की करू,' असं टिपणीस म्हणाले, तेव्हा तिने नुसती मान हलवली होती.

"कसे आले फोटो?" तिने विचारलं.

"एकही नाही काढला. थांब, तुझाच काढतो." त्यांनी लेन्स तिच्याकडे वळवली. "मागे सर जरा. इतक्या जवळचं यातून नीट दिसत नाही."

"तुम्हीच सरका. मला नाही उठवत."

टिपणीस मागे मागे सरत भिंतीला टेकले. तरी ती धूसरच दिसत होती.