दुसरी मूठ

सुतार आणि त्याचा जुना भागीदार समोरासमोर दुकानं थाटून सात वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. सुताराच्या मुलाचा जीव नेमका भागीदाराच्या मुलीवर जडला. "त्याची पायरी चढलास तर मला बाप म्हणू नकोस," सुतारानं बजावलं होतं. आज तीच दारात आली. "मशीन बिघडलंय. बाबांनी मोठी करवत मागितलीय." मुलानं दोन मुठींची करवत भिंतीवरून उतरवली. "आबा, मी नेऊन देतो. लग्न करीन तर हिच्याशीच!" सुताराचा रंधा थांबला. "गाढवा, ही करवत एकट्यानं चालते का? दुसरी मूठ कोण धरणार?" "मी." "तुझा हात अजून वाकडा चालतो," म्हणत सुतारानं चपला घातल्या. संध्याकाळी समोरच्या दुकानातून दोघा बापांचं भांडण ऐकून मुलगा धावला. ती दारात हसत होती. "आपला पलंग सागाचा की शिसवीचा, यावरून जुंपलीय."