औषध गेलं कुठे?

व्रात्सा शहरातल्या इस्पितळात चौदा वर्षांची इस्क्रा एमआरआयच्या बोगद्यात निजली होती. बाप क्रस्त्यो कानांत बोळे घालून तिचा पाय धरून बसला होता. बायको गेल्यावर त्याला ही एकच पोर उरली होती आणि तिला झटके येत होते. साध्या चित्रात काही सापडलं नव्हतं. म्हणून आज शिरेतून चित्रात उजळून दिसणारं औषध सोडून झटक्यांचं मूळ शोधायचं होतं.

“बाबा, इतका घट्ट धरू नकोस. मला कोणी पळवत नाहीये!”

काचेपलीकडून तंत्रज्ञ पेन्का म्हणाली, “सोडलं हं औषध. हात गार पडेल.”

यंत्र बराच वेळ खडखडलं आणि थांबलं.

“गार लागलं का गं?”

“नाही ताई. कधी सोडताय?”

पेन्का आत आली. सुई शिरेत नीट होती. नळी कोरडी होती. सिरिंज रिकामी होती.

“चित्रात थेंबही नाही,” ती नवलाने म्हणाली. “मग गेलं कुठे?”

 क्रस्त्योचा हात कोपरापासून खांद्यापर्यंत गार पडला होता. जिभेवर लोखंडाची चव होती.

“बाबा,” आतून इस्क्राने विचारलं, “माझ्या पायावर तुझा अंगठा असा का उडतोय? झटक्याआधी माझा उडतो तसा?”