चमचाभर पाणी

तुरुंगाच्या दवाखान्यात समाजसेविका बाई फॉर्म घेऊन माझ्या खाटेशी बसल्या. "आजी, डॉक्टरांनी महिनाभरच सांगितलाय. शेवटी जवळ कोण हवं?"

"मुलगा. तोंडात पाणी त्यानंच घालायचं असतं."

बाई खाली बघू लागल्या. "त्यांनी लिहून दिलंय. येणार नाहीत, प्रेतही नेणार नाहीत."

मी भिंतीकडे तोंड फिरवलं.

"त्याचं नाव खोडा. माझ्या बराकीतली हौसा लिहा."

धड भाकरी थापता येत नाही म्हणून नऊ वर्षं मी जिला टोमणे मारले, ती हौसा.

दुपारी ती आली. मी तिच्या हातात चमचा दिला. "घाल बघू."

ती रडत रडतच वाकली, पाणी माझ्या गळ्यावर सांडलं.

"रडणं नंतर, भवाने. आधी नीट शीक. मी काही दोनदा मरायची नाही."