मुठीतले फ्यूज

प्रेमानंदने मीटरच्या पेटीतले तिन्ही फ्यूज उपटले आणि ओट्यावर बसलेल्या बापाच्या हातात दिले. "बाबा, हे धरा. मी तारेवर चाललो."

शंकरराव जन्मभर लाइनमन. जळगाव जामोदच्या आसपास ते चढले नाहीत असा खांब सापडायचा नाही. आता मात्र डोकं दगा देऊ लागलं होतं. जेवून उठले की जेवायचं विचारायचे, आणि बायकोला, केसरबाईंना, कधी वहिनी म्हणायचे, कधी आई. फ्यूज काय, खिशात टाकूनही भागलं असतं. पण बापाला आपण कामाचे आहोत असं वाटावं, एवढाच प्रेमानंदचा हेतू.

मागच्या शेडमध्ये रंग फवारायच्या धंद्यासाठी मलकापूरहून आणलेला जुना कॉम्प्रेसर बसला होता. बैलाएवढं धूड! त्याच्या तारा, स्टार्टर, अर्थिंग, सगळं प्रेमानंद एकट्याने जोडत होता. अंगणात कचरूची ट्रॅक्टरची ट्रॉली घासूनपुसून रंगासाठी उभी होती. धंद्याचं पहिलंच गिऱ्हाईक. आज रंग नाही मारला तर ट्रॉली दुसरीकडे नेईन, असं त्याने तोंडावर सांगितलं होतं. बोलायला कचरू कोणाला भितो?

आत शेवटचा नट आवळला जाताना पाहून कचरूच ओरडला, "काकाजी, टाका फ्यूज! झालं काम!"

शंकरराव जागचे हलले नाहीत.

"टाका न काकाजी! संध्याकाळी थ्री फेज लाइन चालली जाते, मंग मशीन चालत नाही!"

शेवटी प्रेमानंदची बायको समता पुढे झाली. "मामाजी, द्या मले. मी लावतो."

"तुले काऊन देऊ? ज्यानं देल्ले त्यालेच देईन. मधल्या मानसाच्या हाती फ्यूज गेला, का तारेवरचा मानूस गेला समज."

समताला ते पटलं. तिने नवऱ्याला हाक मारली.

प्रेमानंद हात पुसत आला तो हसतच. त्याला मनापासून बरं वाटलं होतं. बाकी सारं गेलं, पण बाबांमधला लाइनमन अजून शाबूत होता! त्याने हात पुढे केला. "आलो मी, बाबा. द्या."

शंकररावांनी त्याला खालून वरपर्यंत न्याहाळलं आणि मूठ पोटाशी धरली.

"तू कोन बे?"

कचरू फिसकन हसला. बाकी कोणी हसलं नाही.

"मी प्रेमानंद, बाबा."

"मले उल्लू बनवतं का? माहा प्रेमानंद अंदर तारेवर हाये. तो सोता आल्याबिगर मी माह्या बापालेही देनार नाही."

 मूठ सोडवणं काही अवघड नव्हतं. म्हाताऱ्याच्या बोटांत जोर तो किती? कचरूने तसं खुणावलंही. पण ती मूठ कोणासाठी आवळली होती, ते प्रेमानंदला समोर दिसत होतं. तिला हात लावायची त्याची छाती झाली नाही.

"ट्रॉली घेऊन जा, कचरूभाऊ," तो म्हणाला आणि बापाशेजारी ओट्यावर टेकला.

शंकररावांनी सरकून त्याला जागा करून दिली.

"बस," ते म्हणाले. "येईनच तो. काम पक्कं केल्याबिगर उठत नाही माहा पोरगा."